पोटभाडेकरूंचा निळा शिंपला

बेळगावकरांचा समुद्र म्हणजे गोवा, नाहीतर वेंगुर्ला-मालवण, फार तर कारवार. आणि शिंपला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक तर तिसऱ्यांचे सुके येते, नाहीतर मुलांनी किनाऱ्यावर गोळा करून आणलेली आणि पुढे वर्षभर गॅलरीतल्या कुंडीत पडून राहिलेली पांढरी टरफले. आमच्या घरात या शब्दावरून एक जुना विनोद आहे. माझे माहेर खानापूर तालुक्यातले, सासर गोकाकचे. सासूबाई शिंपल्याला 'सिंपी' म्हणतात. आमची मुलगी चार-पाच वर्षांची असताना अज्जींनी तिला "समुद्रात सिंपी असतात" असे सांगितले, तेव्हा तिने अगदी गंभीरपणे विचारले होते, की मग ते पाण्यात मशीन कसे चालवतात? पुस्तकी कन्नडात शिंपल्याला 'कप्पेचिप्पु' असाही शब्द आहे. कप्पे म्हणजे बेडूक. बेडकाचा आणि शिंपल्याचा काय संबंध, हे कन्नडच्या प्राध्यापक मैत्रिणींनाही विचारून झाले, पण हसण्यापलीकडे उत्तर मिळाले नाही.

या लेखातला शिंपला मात्र ताटातलाही नाही आणि कुंडीतलाही नाही. तो जिवंत असतो, वीतभर लांब असतो, प्रवाळाच्या दगडात अर्धा रुतून बसलेला असतो, आणि त्याच्या उघड्या तोंडातून निळे, हिरवे, जांभळे, कधी सोनेरी ठिपक्यांचे मांसल ओठ बाहेर आलेले असतात. फुलासारखे दिसतात म्हणावे, तर कुठले फूल आपली चाहूल लागताच पाकळ्या आत ओढून घेते? भारताच्या हद्दीत तो अंदमान-निकोबारमध्ये आहे आणि आपल्याला जवळचा म्हणजे लक्षद्वीपमध्ये. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही तिघे, म्हणजे मी, आमचे हे आणि नववीतली मुलगी, तिकडे जाऊन आलो.

आधी नावाविषयी. त्याचे शास्त्रीय नाव ट्रायडॅक्ना मॅक्सिमा. मॅक्सिमा म्हणजे सर्वांत मोठा. हे नाव पडले १७९८ साली, आणि ते पडल्यापासून हा प्राणी त्याला साजेसा वागलेला नाही, कारण त्याच्याच कुळातला पॅसिफिक महासागराकडचा ट्रायडॅक्ना गिगास सव्वा मीटरपर्यंत वाढतो आणि दोनशे किलोच्या वर भरतो. त्या थोरल्या भावापुढे आपला हा मॅक्सिमा म्हणजे वीत-दीड वीत, फारच वाढला तर पस्तीस-चाळीस सेंटीमीटर. त्यामुळे इंग्रजीत त्याला 'लहान महाशिंपला' अशा अर्थाचे चमत्कारिक नाव चिकटले आहे. आपल्याकडे घरातल्या सर्वांत धाकट्याला 'अण्णा' म्हणावे, त्यातला प्रकार. ट्रायडॅक्ना हा शब्द ग्रीक, अर्थ 'तीन घासांचा'. म्हणजे एवढा मोठा, की एका घासात संपत नाही. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात या शब्दाची नोंद केली, आणि तिथेच अलेक्झांडरच्या इतिहासकारांचा हवाला देऊन लिहिले, की हिंदी समुद्रात फूटभर लांबीचे कालव सापडतात. ते नेमके कोणते, ते सोडून देऊ. पण आपल्या समुद्रातल्या शिंपल्यांची कीर्ती इतकी जुनी आहे.

बेळगावहून निघायचे तर पुण्याहून येणारी पूर्णा एक्स्प्रेस आपल्या स्टेशनवरून लोंढा, मडगाव, कारवार, मंगळूर करत थेट एर्नाकुलमला नेते. आठवड्यातून एकदाच असल्यामुळे तारखा मात्र जमवाव्या लागतात. लक्षद्वीपसाठी आगाऊ परवाना काढावा लागतो, त्याची कागदपत्रे, फोटो, पोलिसांचा दाखला यांत दोन महिने गेले. कोचीच्या धक्क्यावरून संध्याकाळी जहाज सुटले. कवरत्ती बेट तिथून सुमारे चारशे किलोमीटर. रात्रभर जहाज पाळण्यासारखे हलत होते. हे डेकवरच्या बाकावर पडून होते, आणि मुलगी त्यांना दर अर्ध्या तासाने "अप्पा, आता कसे वाटते?" विचारून आणखी बेजार करत होती.

जहाजात आपल्यासारखे पर्यटक होते, तसेच कोचीहून औषधपाणी, बाजार, कोर्टकचेरी उरकून घरी परतणारे बेटवासीही होते. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ किल्तान बेटाचे. आमच्या घरातले कन्नड बोलणे ऐकून ते जवळ आले आणि मलयाळी वळणाच्या हिंदीत म्हणाले, "मंगळूर?" आम्ही बेळगाव म्हटले. ते त्यांना माहीत नव्हते. पण ते हसून म्हणाले, "अक्की," आणि हाताने भात खाण्याची खूण केली. त्यांच्या आजोबांच्या वेळी गलबते नारळाचा काथ्या घेऊन मंगळूरला जात आणि तांदूळ घेऊन येत. तो एक कन्नड शब्द त्या घरात तांदळाबरोबर येऊन राहिला होता.

इतिहास शिकवणाऱ्या बाईला एवढे पुरे असते, पुढचे मीच त्यांना सांगत बसले. अमिनी, कदमत, किल्तान, चेतलात आणि बित्रा ही उत्तरेकडची बेटे १७८७ च्या सुमारास कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडून टिपू सुलतानाकडे आली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्रजांकडे गेली आणि त्यांनी ती दक्षिण कन्नड जिल्ह्याला जोडली. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ या बेटांची कचेरी मंगळूरला होती. काथ्याचा व्यापार सरकारी मक्तेदारीचा होता, काथ्या सरकारी वखारीत द्यायचा आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा. दक्षिणेकडची बेटे मलबार जिल्ह्यात होती. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्याच दिवशी ही बेटे मंगळूर आणि मलबारपासून तोडून त्यांचा वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. आणखी गंमत पुढे आहे. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि नेमक्या त्याच दिवशी 'लक्कदीव, मिनिकॉय आणि अमिनदिवी बेटे' या लांबलचक नावाचे लक्षद्वीप झाले. वृद्ध गृहस्थ ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, कचेरी मंगळूरला होती, मग कोळीकोडला गेली, १९६४ ला कवरत्तीला आली. आमचे बेट मात्र होते तिथेच आहे.

कवरत्तीला मोठे जहाज बेटाला लागत नाही. खोल पाण्यात उभे राहते आणि छोट्या बोटीत उतरावे लागते. बेटाच्या पश्चिमेला प्रवाळाच्या कठड्याने अडवलेले उथळ, शांत पाणी आहे, त्याला लगून म्हणतात. बाहेर निळाशार, जवळजवळ काळा समुद्र. आत फिकट हिरवा, दुधात पाचू विरघळवल्यासारखा. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव शहराहूनही कमी, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे माणसे चौसष्ट हजारांवर. लगूनचे पाणी मात्र ४,२०० चौरस किलोमीटर. बेटावरची माणसे जमिनीवर झोपतात, राहतात म्हणाल तर पाण्यावर.

पहिला महाशिंपला मला तिथेच दिसला. कंबरेइतक्या पाण्यात काचेचा मुखवटा आणि नळी लावून पालथे तरंगायचे. बरोबर बेटावरचा एक तरुण मार्गदर्शक होता, त्याने आधीच दोन गोष्टी बजावल्या होत्या. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. थोडे अंतर गेल्यावर त्याने एका घुमटासारख्या पिवळसर प्रवाळाच्या दगडाकडे बोट दाखवले. दगडाला एक नागमोडी चीर होती, आणि त्या चिरेत कुणीतरी मोरपिशी रेशमाची चुणीदार पट्टी खोचून ठेवावी तसे काहीतरी होते. मी डोके हलवले की रंग बदले. एका कोनातून निळा, दुसऱ्यातून हिरवा. धूपछाव लुगडे उन्हात धरले म्हणजे होते तसे. शहापूरच्या मागावरच्या साड्या पाहत वाढलेल्या मला तरी दुसरी उपमा सुचली नाही.

ही उपमा नुसती कौतुकाची नाही. त्या ओठांत निळा रंग असा नसतोच. मोरपिसात जसा निळा रंग घातलेला नसतो, पिसाच्या बारीक रचनेवरून उजेड परततो तेव्हा निळा दिसतो, तसेच इथे आहे. शिंपल्याच्या मांसात अतिसूक्ष्म थरांच्या चमकत्या पेशी असतात, उजेड त्यांच्यावर पडून फुटतो. म्हणून वही शेजारी ठेवून एकेकाचा रंग लिहायला गेले, तर दोन शिंपले सारखे नसतात.

हा थाट कशासाठी? लग्न जमवण्यासाठी नाही, शत्रूला घाबरवण्यासाठी नाही. तो भाडेकरूंसाठी आहे.

शिंपल्याच्या त्या ओठांत सूक्ष्म शैवाल राहते, एकपेशी, तपकिरी, कोट्यवधींच्या संख्येने. जठरापासून निघालेल्या बारीक नळ्या ओठांपर्यंत पसरलेल्या असतात आणि या नळ्यांमध्ये शैवालाची वस्ती असते. म्हणजे आपण ज्याला पोटभाडेकरू म्हणतो, तो इथे शब्दशः पोटातला. शिंपला त्यांना राहायला सुरक्षित जागा देतो आणि आपल्या शरीरातली टाकाऊ द्रव्ये खत म्हणून देतो. शैवाल दिवसभर उन्हात साखर बनवते आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला भाडे म्हणून जातो. इतर शिंपल्यांप्रमाणे हाही पाणी गाळून त्यातले बारीक अन्नकण खातो, पण त्यावर त्याचे घर चालत नाही. प्रवाळाभोवतीचे ते काचेसारखे स्वच्छ पाणी अन्नाच्या दृष्टीने जवळजवळ उपाशी असते. ज्या पाण्यात पोट भरत नाही, त्या पाण्यात हा एवढा मोठा होतो तो या भाड्यावर.

आता घरमालकाची हुशारी पाहा. उष्ण कटिबंधातले भर दुपारचे ऊन थेट पडले तर शैवाल करपेल. आणि वरच्या थराने ऊन अडवले तर खालच्या थरांना काहीच मिळणार नाही. २०१४ साली पालाव बेटांजवळच्या महाशिंपल्यांवर काम करणाऱ्या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले, की शैवालाच्या पेशी उभ्या खांबांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात, आणि वरच्या त्या चमकत्या पेशी कामाचा उजेड सौम्य करून खांबाच्या पायापर्यंत सारखा पसरवतात. जो उजेड शैवालाच्या फारशा उपयोगाचा नाही, तो बराचसा परत फिरवतात. आपण पर्यटक ज्याला रंग म्हणून फोटो काढतो, ती खरे तर त्या घराची छताची सोय आहे. जुन्या वाड्यांच्या माडीवर रंगीत काचांच्या झरोक्यांतून ऊन आत घेत, तशी.

ओठांच्या कडेला काळसर ठिपक्यांची ओळ दिसते. ते डोळे. शेकडो असतात, टाचणीच्या छिद्राएवढे. त्यांना आपला चेहरा दिसत नाही, सावली तेवढी कळते. मार्गदर्शकाने हाताचा पंजा शिंपल्याच्या वर, पाण्यातच, दोन फुटांवरून फिरवला. हात लागला नव्हता, तरी मोरपिशी पट्टी सर्रकन आत गेली आणि शिंपला निम्मा मिटला. मग आम्ही तिघे श्वास रोखून तरंगत राहिलो. मिनिटाभराने एक कोपरा बाहेर आला, मग दुसरा. नव्या सुनेने दाराआडून पाहावे तसा. मुलीला हा खेळ पुन्हा पुन्हा करायचा होता, पण तो तरुण नाही म्हणाला. मिटला की त्याचे ऊन बुडते, म्हणजे कमाई बुडते, असे त्याने तिला समजावले. शास्त्राच्या पुस्तकातून इतके नेमके वाक्य मला मिळाले नसते.

(जुन्या साहसकथांत महाशिंपला पाणबुड्याचा पाय धरून त्याला बुडवतो. असे खरोखर घडल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. आपला मॅक्सिमा तर पाय सोडा, सावलीलाही भितो.)

दुसऱ्या दिवशी जहाज कल्पेनीला लागले. या बेटाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या मोडक्या तुकड्यांचा लांबच लांब बांध आहे. १८४७ सालच्या प्रचंड वादळाने समुद्राच्या तळाचे हे दगड उचलून किनाऱ्यावर आणून टाकले. पावणेदोनशे वर्षे उन्हापावसात राहून ते राखाडी पडले आहेत. चालताना पायाखाली मडकी फुटल्यासारखा आवाज येतो. त्या ढिगात एक जाड, पन्हाळीदार शिंपला अर्धा दिसत होता, दगडाला इतका एकजीव झालेला, की शिंपला कुठे संपतो आणि दगड कुठे सुरू होतो ते कळत नव्हते. हेही या प्राण्याचे एक काम. जिवंतपणी तो चुनखडी साठवत कवच जाड करतो आणि मेल्यावर ते कवच प्रवाळाच्या कठड्यात चिणले जाते. तो कठडा समुद्राच्या लाटा अडवतो म्हणून आतले बेट आहे. लक्षद्वीपच्याच बंगारम भागातले परळी नावाचे एक छोटे निर्जन बेट झिजत झिजत पूर्ण नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये संशोधनातून पुढे आले. तेव्हा कठड्याची गोष्ट बेटावरच्या माणसाला निसर्गप्रेमाची वाटत नाही, घराच्या भिंतीची वाटते.

कल्पेनीच्या लगूनमध्ये एका मोठ्या प्रवाळाच्या दगडावर आम्हाला एकदम पुष्कळ महाशिंपले भेटले. कवरत्तीचा तो तरुण जहाजाबरोबरच आला होता. मुलीने बोटांवर मोजले आणि वर आल्यावर वहीत लिहिले, अकरा. त्यांतले दोन अगदी लागून होते, दोघांत जेमतेम एक वीत अंतर. बाकीचे दगडभर विखुरलेले. मार्गदर्शकाला या लागून असलेल्या दोघांचे फार कौतुक. का, ते समजायला शिंपल्याचा संसार समजून घ्यावा लागतो.

महाशिंपला जागा सोडत नाही. लहानपणी चिकट धाग्यांनी दगडाला जो धरतो, तो तिथेच रुतत, तिथेच वाढत, तिथेच मरतो. आधी तो नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की नर आणि मादी दोन्ही होतो. वेळ आली की पाण्यात आधी नरबीज सोडतो आणि मग अंडी, लाखोंनी. आपलेच बीज आपल्याच अंड्यांना पडू नये म्हणून मध्ये खंड ठेवतो. म्हणजे त्याची अंडी फळायची तर जवळच दुसरा हवा, आणि त्यानेही त्याच सुमाराला बीज सोडायला हवे. एकाने सोडले की पाण्यातल्या खुणेने शेजारी जागा होतो. शेजारी लांब असेल तर बीज पाण्यात पांगून जाते. फळलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले दहाएक दिवस प्रवाहाबरोबर वाहतात आणि मग खाली बसायला दगड शोधतात. भाडेकरू आईबापांकडून मिळत नाहीत. ते शैवाल प्रत्येक पिल्लाला स्वतः पाण्यातून मिळवावे लागते. लाखोंतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच जगतात. म्हणूनच एखाद्या लगूनमध्ये शंभर शिंपले आहेत, एवढ्यावर भागत नाही. ते शंभर एकमेकांपासून लांब लांब असतील, तर सगळे जिवंत असूनही वंश बुडतो.

आणि कमी होण्याची कारणे पुष्कळ. पॅसिफिकमध्ये आणि दक्षिण चीन समुद्रात महाशिंपला मांसासाठी आणि कवचासाठी बेसुमार उपसला गेला. हस्तिदंतासारखे कोरीव काम करता येते म्हणून थोरल्या जातीच्या कवचांना फार भाव. एप्रिल २०२१ मध्ये फिलिपिन्सच्या पलावान प्रांतात एका बेटावर सुमारे दोनशे टन कवचे पकडली गेली. जगातला महाशिंपल्यांचा व्यापार १९८५ पासून आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. भारतात २००१ साली ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि त्याचा खवलेदार भाऊ ट्रायडॅक्ना स्क्वामोसा यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले. आपल्या भाषेत सांगायचे तर कवच पिशवीत घालून आणणे हा गुन्हा आहे, मग ते किनाऱ्यावर मेलेले सापडले असले तरी.

पण कायदा दिल्लीत लिहिला जातो आणि लगूनमध्ये रोज उतरतो तो कोळी. या बाबतीत एका मराठी माणसाचे नाव घेतले पाहिजे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. दीपक आपटे यांनी लक्षद्वीपच्या बेटांभोवती हा शिंपला किती आणि कुठे आहे, याची वर्षानुवर्षे पाहणी केली. भारतीय शंख-शिंपल्यांवरचे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध आहे. त्यांनी वाघासाठी जंगल वाचवतात तसे महाशिंपल्याला पुढे करून लगून वाचवायचे ठरवले, आणि ते काम बेटवासीयांना बरोबर घेऊन केले. आगत्ती बेटावर त्याचे केंद्र होते. २००८ साली त्यांना या कामासाठी ब्रिटनचा व्हिटली पुरस्कार मिळाला. मला स्वतःला यातली बेटवासीयांना बरोबर घेण्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथल्या लोकांचे पोट ट्यूना माशावर आहे. ते तो जाळ्याने उपसत नाहीत, गळाच्या काठीने एकेक पकडतात, आणि त्यासाठी लागणारे जिवंत बारीक मासे लगूनमधून आणतात. प्रवाळ गेला की बारीक मासा गेला, तो गेला की ट्यूना गेला. हे त्यांना बाहेरच्या कुणी शिकवायची गरज नाही.

मात्र एक शत्रू असा आहे, की ज्याच्यापुढे ना कायदा चालतो, ना बेटवासीयांची शिस्त. पाणी तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की शैवालाचे तंत्र बिघडते. ते साखरेऐवजी घातक द्रव्ये तयार करू लागते आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. भाडेकरू गेले की प्रवाळ पांढराफटक पडतो. महाशिंपल्याचेही तेच होते. ओठ मधूनच फिके पडू लागतात, मग पांढरे होतात. पाणी लवकर निवले तर भाडेकरू परत येतात. नाही निवले तर शिंपला उपाशी मरतो, भरल्या समुद्रात. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन मोठे तडाखे सोसले. आगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील प्रवाळ १९९८ पासूनच्या चोवीस वर्षांत जवळपास निम्मा झाला, असे दीर्घकाळ केलेल्या पाहणीतून दिसून आले आहे. आणि आम्ही जाऊन आलो त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२४ च्या उन्हाळ्यात, चौथा तडाखा बसला. ऑक्टोबर २०२३ पासून तिथे समुद्राच्या उष्ण लाटा सुरू होत्या.

योगायोग असा, की त्याच वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीचे फोटो आले आणि एकाएकी सगळ्यांना लक्षद्वीपला जायचे वेध लागले. माझ्या कॉलेजातल्या निम्म्या स्टाफरूमने मला परवान्याची माहिती विचारली. मी सगळ्यांना आनंदाने दिली. बघण्यासारखी जागा आहे, माणसे प्रेमळ आहेत, कुणी का जाऊ नये? फक्त प्रत्येकाला त्या मार्गदर्शकाच्या दोन सूचना घोकून घ्यायला लावल्या, आणि तिसरी माझी घातली, की पाण्यात उतरणार असाल तर पूर्ण बाह्यांचा कपडा घाला आणि उन्हाचे क्रीम किनाऱ्यावरच राहू द्या. एका सहकाऱ्याने आठवण म्हणून एखादा लहानसा शिंपला आणला तर काय बिघडते, असे विचारले. त्यांना मी वाघाचे नख आणाल का, एवढेच विचारले.

मे २०२४ मध्ये त्या तरुणाला फोन केला होता. दगडाचा रंग उडाला आहे, म्हणाला. शिंपले उघडे आहेत, पण काही मधोमध पांढरे झाले आहेत. मग पावसाळा आला, समुद्र बंद झाला. मुलीने आपल्या वहीतल्या त्या पानाचा फोटो त्याला पाठवून ठेवला: दगडाचा गोल, त्यावर अकरा फुल्या, शेजारी अंतरे, वीत आणि हात या मापात. डिसेंबरमध्ये पाणी निवळल्यावर तो एका सहलीबरोबर कल्पेनीला गेला तेव्हा तिचे पान मोबाईलवर उघडून त्याने मोजले. नऊ होते. दोन जागी नुसत्या खाचा. गेलेल्यांपैकी एक त्या लागून असलेल्या जोडीतला होता. उरलेल्याचा सर्वांत जवळचा शेजारी आता चार हातांवर आहे.